कर्णधार कोण, संघात कोण? निवड कशी होते आणि १९७१ मध्ये एका मतानं काय बदललं

मोठी मालिका तोंडावर आली की गावोगावी दोन वाद हमखास सुरू होतात. कर्णधार हाच का, आणि अमक्याला बाहेर का बसवलं? सकाळी डेअरीवर दूध घालताना निघालेला विषय संध्याकाळी पारावर येतो आणि रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर चढतो. कुणी धावांचे आकडे काढतं, कुणी मागच्या सामन्यात सुटलेला झेल काढतं. शेवटी सगळं खापर निवड समितीवर फुटतं आणि मंडळी झोपायला जातात.

पण ही निवड समिती म्हणजे कोण, तिच्या हातात काय असतं, कर्णधाराच्या हातात काय असतं, हे वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं. हा वाद आजचाही नाही. भारतीय क्रिकेटमधला सगळ्यात गाजलेला कर्णधारपदाचा वाद पन्नास वर्षांहून जुना आहे आणि तो मुंबईच्या एका डावखुऱ्या फलंदाजाभोवती फिरतो. निवडीची पद्धत, तो जुना वाद आणि अलीकडची काही उदाहरणं यांची ही माहिती.

संघ कोण निवडतं?

भारताचा पुरुषांचा वरिष्ठ संघ भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची, म्हणजे बीसीसीआयची, पाच जणांची निवड समिती निवडते. त्यातला एक अध्यक्ष असतो. २०२३ च्या जुलैपासून हे पद मुंबईचे माजी वेगवान गोलंदाज अजित आगरकर यांच्याकडे आलं.

निवड समितीत कुणालाही घेता येत नाही. उमेदवारानं किमान ७ कसोटी सामने, किंवा ३० प्रथम श्रेणी सामने, किंवा १० एकदिवसीय आणि २० प्रथम श्रेणी सामने खेळलेले असावे लागतात. खेळातून निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली असावी लागतात. या लोकांच्या मुलाखती माजी खेळाडूंची सल्लागार समिती घेते.

पूर्वी पश्चिम, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि मध्य अशा पाच विभागांचा एकेक माणूस समितीत असायचा. त्यामुळे 'आपल्या विभागाचा पोरगा' हा आरोप दर निवडीला ठरलेला असे. आजही सदस्य वेगवेगळ्या भागांतले असावेत अशी पद्धत आहे.

ही समिती दौऱ्यासाठी किंवा मालिकेसाठी पंधरा ते अठरा जणांचा संघ निवडते. कर्णधारही तीच ठरवते. कसोटी, एकदिवसीय आणि टी-२० या तिन्ही प्रकारांसाठी कर्णधार वेगळा असू शकतो.

कर्णधाराच्या हातात काय?

इथं बऱ्याच जणांची गफलत होते. संघ निवडताना कर्णधार आणि प्रशिक्षक यांचं म्हणणं ऐकलं जातं, पण त्यांना मत नसतं. बैठकीत कर्णधार एखाद्या खेळाडूसाठी भांडू शकतो. मात्र समितीनं नाही म्हटलं की विषय संपला.

उलट सामन्याच्या सकाळी त्या पंधरा-अठरा जणांतून अकरा कोण खेळवायचे, हे कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात. म्हणजे एखादा खेळाडू संघातच नसेल तर प्रश्न निवड समितीला विचारायचा. संघात असून पाच सामने पाणी देत बसला असेल तर प्रश्न कर्णधार आणि प्रशिक्षकाला. पारावर हे दोन्ही राग एकाच पोत्यात भरले जातात.

१९७१ : पतौडी की वाडेकर?

१९७१ च्या सुरुवातीला भारतीय संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर जाणार होता. तोपर्यंत भारत वेस्ट इंडिजविरुद्ध २३ कसोटी खेळला होता. १२ हरला होता, ११ अनिर्णित राहिल्या होत्या. विजय एकही नव्हता. १९६२ च्या दौऱ्यात तर पाचच्या पाच कसोटी गमावल्या होत्या.

कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली. तरीही त्याच वर्षी ते कसोटी खेळले. १९६२ च्या त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू लागला आणि जीवावर बेतलं. तेव्हा अवघ्या २१ वर्षांच्या पतौडींकडे संघ सोपवला गेला. १९६७-६८ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारतानं न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली. परदेशातली ती भारताची पहिली मालिका. फिरकीवर जोर देणारा आणि क्षेत्ररक्षणाला किंमत देणारा संघ त्यांनी बांधला, हे त्यांचे विरोधकही मान्य करत.

दुसऱ्या बाजूला अजित वाडेकर. मुंबईचे डावखुरे फलंदाज, नोकरी स्टेट बँकेत. १९६६-६७ च्या रणजी मोसमात त्यांनी म्हैसूरविरुद्ध ३२३ धावा केल्या होत्या. मुंबईचे कर्णधार म्हणून ते जिंकत आले होते. पण भारताचं कर्णधारपद कधी केलेलं नव्हतं आणि कसोटीत त्यांच्या नावावर एकच शतक होतं.

चाहत्यांत सरळ दोन तट होते. पतौडींच्या बाजूचे म्हणत, इतक्या अवघड दौऱ्यावर अनुभवी माणूस सोडून नवा कशाला? वाडेकरांच्या बाजूचे म्हणत, १९६९ मध्ये घरच्या मैदानांवर ऑस्ट्रेलियानं ३-१ नं हरवलं, न्यूझीलंडसारख्या संघानं बरोबरीत रोखलं. अजून किती संधी द्यायची?

दोन्ही बाजूंना आधार होता. म्हणूनच निवड समितीतही मतं समसमान पडली. अध्यक्ष होते मुंबईचे थोर फलंदाज विजय मर्चंट. त्यांनी आपलं निर्णायक मत वाडेकरांना दिलं आणि पतौडींचं कर्णधारपद गेलं.

मग कुजबुज सुरू झाली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार होण्याची मर्चंट यांची संधी हुकली होती. तेव्हा कर्णधारपद गेलं होतं पतौडींच्या वडिलांकडे, इफ्तिखार अली खान पतौडी यांच्याकडे, आणि मर्चंट उपकर्णधार राहिले होते. बापाचा हिशेब मुलाकडून चुकता केला, असं लोक बोलू लागले.

हे खरं की खोटं, ते मर्चंट यांच्या मनालाच ठाऊक. पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९६९ मध्ये मर्चंट अध्यक्ष असतानाच समितीनं जुन्या नावांना बाजूला करून तरुण पोरं आणायला सुरुवात केली होती. कानपूरला पहिल्या डावात शून्यावर बाद होऊन दुसऱ्या डावात १३७ धावा करणारा गुंडाप्पा विश्वनाथ त्याच वर्षी आला. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानावर राबणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकरही त्याच वर्षी आला. कर्णधार बदलणं हे त्याच धोरणाचं पुढचं पाऊल होतं, असंही म्हणता येतं.

पतौडींनी दौऱ्यासाठी उपलब्ध नसल्याचं मंडळाला कळवलं. त्याच वर्षी ते गुडगावमधून लोकसभेची निवडणूक लढले आणि हरले.

दौऱ्यावर काय झालं?

पहिली कसोटी जमैकात किंग्स्टनला होती. पहिला दिवस पावसात गेला. भारतानं ३८७ धावा केल्या, त्यातल्या २१२ एकट्या दिलीप सरदेसाई यांच्या. वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला. आघाडी १७० ची. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला २०० ची आघाडी लागते. पण पहिला दिवस वाया गेल्यानं सामना चार दिवसांचा धरला गेला आणि नियमानं १५० पुरेशी होती. वाडेकरांनी गॅरी सोबर्स यांना फॉलोऑन दिला. सामना अनिर्णित राहिला, पण वेस्ट इंडिजला पुन्हा खेळायला लावलेलं सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला. भारत सात गडी राखून जिंकला. वेस्ट इंडिजवर मिळालेला हा भारताचा पहिला कसोटी विजय. उरलेल्या तीन कसोटी अनिर्णित राहिल्या आणि मालिका १-० नं भारताची झाली.

या मालिकेत २१ वर्षांच्या सुनील गावसकर यांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. शेवटच्या कसोटीत १२४ आणि २२०. पदार्पणाच्या मालिकेतला हा विक्रम आजही कायम आहे.

त्याच वर्षी वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला. तिथंही भारतानं तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंड १०१ वर गडगडलं. १७३ धावांचं लक्ष्य भारतानं चार गडी राखून गाठलं. तारीख होती २४ ऑगस्ट १९७१. मुंबईत संघाचं मिरवणूक काढून स्वागत झालं.

निवडीतले छोटे निर्णय

कर्णधाराच्या वादात या दौऱ्यांची बाकीची निवड झाकली जाते. खरं तर शिकण्यासारखं तिथंच जास्त आहे.

दिलीप सरदेसाई मूळचे मडगावचे. संघात त्यांची जागा पक्की नव्हती. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून ते दौऱ्यावर गेले, असं नेहमी सांगितलं जातं. तिथं त्यांनी तीन शतकांसह ६४२ धावा केल्या. कर्णधारानं एका नावासाठी केलेलं भांडण किती मोलाचं ठरू शकतं, याचं हे उदाहरण.

गावसकर पहिली कसोटी खेळलेच नाहीत. त्यांच्या बोटाला जखम झाली होती. त्यामुळे हैदराबादचे सलामीवीर केनिया जयंतीलाल यांना संधी मिळाली. त्यांनी ५ धावा केल्या. दुसऱ्या कसोटीत गावसकर परतले आणि जयंतीलाल यांना पुन्हा कधीच कसोटी मिळाली नाही. एकच डाव, पाच धावा आणि कसोटी कारकीर्द संपली. गावसकर यांचं नाव घेताना जयंतीलाल कुणाला आठवत नाहीत, पण निवडीची दुसरी बाजू तीच आहे. एक नाव आत आलं की दुसरं बाहेर जातं.

सलीम दुराणी यांच्यावर लहरी खेळाडू असा शिक्का होता. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या डावात त्यांनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स हे दोघेही थोडक्या वेळात माघारी धाडले. सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत, लॉइड वाडेकरांच्या हाती झेलबाद. सामना तिथंच फिरला.

ओव्हलचे नायक चंद्रशेखर वेस्ट इंडिज दौऱ्याच्या संघात नव्हतेच. लहानपणीच्या पोलिओनं त्यांचा उजवा हात बारीक राहिला होता आणि त्याच हातानं ते गोलंदाजी करत. सहा महिन्यांपूर्वी ज्यांना घरी बसवलं, त्यांनीच पुढची मालिका जिंकून दिली. यष्टिरक्षक फारूख इंजिनिअर यांचंही तसंच. वेस्ट इंडिजमध्ये पाचही कसोटींत यष्टीमागे कृष्णमूर्ती होते. इंग्लंडमध्ये इंजिनिअर परतले आणि ओव्हलला दोन्ही डावांत त्यांनी मोलाच्या धावा केल्या.

तीन वर्षांनी तेच लोक

१९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. वाडेकरांच्या संघानं ती मालिकाही २-१ नं जिंकली. ओळीनं तिसरी. विशेष म्हणजे या मालिकेत पतौडी संघात परतले आणि ज्यांच्यामुळे कर्णधारपद गेलं त्याच वाडेकरांच्या हाताखाली खेळले. मद्रासच्या कसोटीत त्यांनी ७३ धावा केल्या. चाहते ज्यांच्यावरून भांडत होते ते दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले होते.

मग आलं १९७४. इंग्लंडमध्ये भारत ३-० नं हरला. लॉर्ड्सवर दुसरा डाव ४२ धावांत संपला. देशात संतापाची लाट आली. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेल्या सिमेंटच्या बॅटचीही लोकांनी विटंबना केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आलं. त्यांनी निवृत्ती घेतली.

कर्णधार म्हणून वाडेकरांचा हिशेब असा : १६ कसोटी, ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. पतौडींचा : ४० कसोटी, ९ विजय, १९ पराभव, १२ अनिर्णित. आकडे वाडेकरांच्या बाजूचे दिसतात. पण वाडेकरांना मिळालेला फिरकीचा मारा पतौडींच्या काळात घडला होता आणि गावसकर पतौडींना तोवर मिळालेच नव्हते. १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पुन्हा पतौडींनाच कर्णधार करण्यात आलं. ती मालिका भारत ३-२ नं हरला, पण पहिल्या दोन कसोटी गमावल्यावर पुढच्या दोन जिंकून शेवटपर्यंत लढला.

वाडेकर पुढे भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्षही झाले. ज्या खुर्चीतल्या एका मतानं त्यांना कर्णधार केलं, त्याच खुर्चीत बसून त्यांनी दुसऱ्यांचे संघ निवडले. १५ ऑगस्ट २०१८ ला त्यांचं निधन झालं.

पाच कसोटी, चार कर्णधार

निवडीचा गोंधळ किती टोकाला जाऊ शकतो हे १९५८-५९ मध्ये दिसलं. वेस्ट इंडिजविरुद्ध घरच्या मैदानांवर पाच कसोटींत भारतानं चार कर्णधार वापरले. पॉली उम्रीगर, गुलाम अहमद, विनू मंकड आणि हेमू अधिकारी. चौथ्या कसोटीच्या आदल्या दिवशी, अकरा जणांत कुणाला घ्यायचं यावरून मंडळाच्या अध्यक्षांशी मतभेद झाले आणि उम्रीगर यांनी कर्णधारपद सोडलं. भारत ती मालिका ३-० नं हरला.

१९७४-७५ मध्ये पतौडी जायबंदी असल्यानं दिल्ली कसोटीत वेंकटराघवन कर्णधार होते. पुढच्याच कसोटीत पतौडी परतले आणि वेंकटराघवन यांना अकरा जणांतही जागा मिळाली नाही. एका सामन्यात कर्णधार, दुसऱ्या सामन्यात बारावा गडी.

निवड समितीच्या डोक्यावरही कुणी असू शकतं, हे २०१२ मध्ये बाहेर आलं. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात मिळून आठ कसोटी ओळीनं हरल्यावर समिती महेंद्रसिंग धोनीला कर्णधारपदावरून काढायला निघाली होती, पण मंडळाच्या अध्यक्षांनी ते होऊ दिलं नाही, असं समितीचे माजी सदस्य मोहिंदर अमरनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं. तेव्हा निवडलेल्या संघाला अध्यक्षांची मंजुरी लागत असे. पुढे २०१३ मध्ये धोनीनंच चॅम्पियन्स करंडक जिंकून दिला. म्हणजे नाव वाचलं ते बरं झालं, असं म्हणावं तर पद्धत चुकीची होती. पद्धत चुकीची म्हणावी तर करंडक समोर आहे. असे वाद मिटत नाहीत ते यामुळे.

२०२५ : गिल की बुमराह?

अलीकडचं मोठं उदाहरण इंग्लंड दौऱ्याचं. मे २०२५ मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली पाच दिवसांच्या अंतरानं कसोटीतून निवृत्त झाले. २४ मे रोजी शुभमन गिलला कसोटी कर्णधार आणि ऋषभ पंतला उपकर्णधार जाहीर केलं गेलं.

वाद लगेच पेटला. जसप्रीत बुमराह असताना गिल कसा? बुमराहच्या नेतृत्वाखाली भारतानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्थची कसोटी जिंकली होती. गिलची कसोटीतली सरासरी ३५ च्या आसपास, परदेशात त्याहून कमी. समितीचं म्हणणं होतं की बुमराहच्या पाठीचं दुखणं पाहता तो पाचही कसोटी खेळू शकणार नाही आणि कर्णधार रोज मैदानात हवा.

मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली. गिलनं ७५४ धावा केल्या. एजबॅस्टनला २६९ आणि १६१. भारताच्या कर्णधारानं एका मालिकेत केलेल्या या सर्वाधिक धावा. बुमराह ठरल्याप्रमाणे तीनच कसोटी खेळला. गंमत अशी की भारतानं जिंकलेल्या दोन्ही कसोटींत, एजबॅस्टनला आणि ओव्हलला, बुमराह नव्हता. ओव्हलला मोहम्मद सिराजनं शेवटच्या सकाळी सामना सहा धावांनी खेचून आणला.

कुलदीप यादव मात्र संघात असूनही एकही कसोटी खेळला नाही. हा प्रश्न निवड समितीचा नव्हता, अकरा जण ठरवणाऱ्यांचा होता.

विदर्भाच्या वाचकांसाठी करुण नायरचं उदाहरण जवळचं. २०२४-२५ च्या रणजी मोसमात विदर्भ विजेता झाला, त्यात नायरच्या ८६३ धावा होत्या. त्या जोरावर आठ वर्षांनी तो कसोटी संघात परतला. इंग्लंडमध्ये चार कसोटींत २०५ धावा झाल्या आणि तो पुन्हा बाहेर गेला. रणजीतल्या धावांनी दार उघडतं, पण आत टिकायचं तर पुन्हा नव्यानं धावा कराव्या लागतात.

त्यानंतर नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेनं भारताला भारतातच २-० नं हरवलं. कोलकात्यात गिलची मान आखडली, गुवाहाटीत पंतनं नेतृत्व केलं. चार महिन्यांपूर्वी निवड समितीला शाबासकी देणारे हात लगेच दगड शोधू लागले.

महिला संघानं दिलेलं उत्तर

२०२५ च्या महिला विश्वचषकात भारत साखळीत ओळीनं तीन सामने हरला, तेव्हा हरमनप्रीत कौरचं कर्णधारपद काढा, असा ओरडा झाला. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला एका सामन्यात वगळलं होतं. तिला परत घेतलं आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिनं नाबाद १२७ धावा केल्या. शेफाली वर्मा तर मूळ संघातच नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून तिला बोलावलं. २ नोव्हेंबरला नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात तिनं ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामनावीर झाली. कर्णधार हरमनप्रीत, उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना आणि चषक भारताचा.

शेफालीला मूळ संघात न घेणं चूक होती का? निकाल पाहिल्यावर हो म्हणणं सोपं आहे. पण प्रतिकानंही त्या स्पर्धेत शतक केलं होतं. निवड करताना दोन्ही नावं चांगली होती.

वाद घालताना एवढं तपासा

पेरणीच्या वेळी बियाणं निवडताना शेतकऱ्याकडे मागच्या वर्षाचा अनुभव असतो, पुढच्या पावसाचा नसतो. निवड समितीचंही तेच आहे. पीक आल्यावर बियाण्याला नावं ठेवणं सोपं. म्हणून निवड बरोबर की चूक, हे निवडीच्या दिवशी काय माहीत होतं त्यावरून तपासावं.

पहिलं, सामना कोणता आहे ते पाहा. टी-२० मधल्या फटक्यांवरून कसोटीची निवड ठरत नाही. आयपीएलच्या धावा दाखवून कसोटीची जागा मागणाऱ्यांनी रणजीच्याही दाखवाव्यात.

दुसरं, मैदान कुठलं ते पाहा. चेन्नईला तीन फिरकी गोलंदाज लागतील, पर्थला एकही जड होईल.

तिसरं, अंगाला काय झालंय ते पाहा. वेगवान गोलंदाजाची पाठ आणि पाय आकड्यांत दिसत नाहीत, पण निवड समितीला वैद्यकीय अहवाल मिळतो.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याला आत घ्यायचं म्हणता त्याच्या जागी बाहेर कुणाला काढायचं, तेही नाव सांगा. हा एक नियम पारावर लावला तर निम्मे वाद तिथंच थांबतील. कारण बाहेर जाणारं नाव उच्चारायला कुणी लवकर तयार होत नाही. निवड समितीला ते दर बैठकीत उच्चारावं लागतं.

गावातल्या पोरांसाठी

निवडीवर भांडणाऱ्या प्रत्येक गावात चेंडू चांगला टाकणारा एखादा पोरगा किंवा पोरगी असतेच. त्यांची वाट टेनिस बॉलच्या स्पर्धांतून जात नाही, लेदर बॉल क्रिकेटमधून जाते. महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. विदर्भातले अकरा जिल्हे विदर्भ संघटनेकडे येतात. मुंबई आणि तिच्या लगतचा भाग मुंबईकडे. उरलेले जिल्हे महाराष्ट्र संघटनेकडे. पहिली निवड चाचणी जिल्हा संघटनेची असते. तिची तारीख जिल्हा क्रिकेट संघटनेकडून किंवा शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडून वेळेत विचारून घ्यावी.

पुढे वयोगटाच्या स्पर्धा असतात. मुलांसाठी १६ वर्षांखालची विजय मर्चंट करंडक स्पर्धा, १९ वर्षांखालची कूचबिहार करंडक आणि २३ वर्षांखालची सी. के. नायडू करंडक. १६ वर्षांखालच्या गटात हाताच्या हाडांचा एक्स-रे काढून वय तपासलं जातं. त्यामुळे वय कमी दाखवून पोराला पुढं काढायच्या नादाला आई-वडिलांनी लागू नये. पकडलं गेलं तर पोराची दोन वर्षं जातात.

यातली पहिली स्पर्धा ज्यांच्या नावाची आहे ते विजय मर्चंट म्हणजे १९७१ मध्ये निर्णायक मत देणारेच. त्यांचा निर्णय बरोबर ठरला म्हणून लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. उलट झालं असतं तर जुन्या रागाची गोष्टच खरी मानली गेली असती. मत तेच राहिलं असतं.

येत्या मालिकेआधीही पारावर वाद होणारच, आणि व्हावा. फक्त संघ जाहीर झाला त्या दिवशीचं आपलं मत ग्रुपवर लिहून ठेवावं, आणि मालिका संपल्यावर तेच पुन्हा वाचावं.